एका पायावर दहा सेकंद

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या ज्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं, तिथे प्रत्येक नव्या रुग्णाचा एक फॉर्म भरावा लागे. नाव, वय, कुठलं हाड मोडलं, घरात जिने किती, हे सगळं दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर सगळ्यांत वर एकच मोठा चौकोन असायचा : ‘रुग्णाचं स्वतःचं ध्येय, त्याच्याच शब्दांत.’

पहिल्या आठवड्यात मला हा चौकोन म्हणजे निव्वळ चोचला वाटला. पुण्यात पंधरा वर्षं प्रॅक्टिस करून आले होते. तिथे ध्येय डॉक्टर ठरवायचे, मी ते वहीत लिहायचे आणि पेशंट निमूटपणे वाकवून घ्यायचा. गुडघा एकशे दहा अंशांपर्यंत वाकला की पेढे. पाय मोडलेल्या माणसाला कसलं आलंय ध्येय? चालायचं असणार, दुसरं काय!

पण विचारायला लागले आणि माझी करमणूक सुरू झाली. एका बाईंना खांदा बरा करून हवा होता, कारण स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या वरच्या फळीवर बिस्किटं होती. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. ती बिस्किटं त्यांनी स्वतःच बहिणीपासून लपवली होती आणि आता बहीणच रोज विचारत होती, “कुठे गं ठेवलीस?” एक निवृत्त नन होत्या. त्यांना घोड्यांच्या शर्यतीला जायचं होतं. काठी घेऊन चालेल, पण खुर्चीत बसून ढकलत नेलेलं चालणार नव्हतं. “खुर्चीतल्या बाईकडे सगळे बघतात,” त्या माझ्या कानात म्हणाल्या, “आणि मला कुणी बघायला नकोय.” हे सगळं मी फॉर्मवर त्यांच्याच शब्दांत लिहायचे. नियमच होता तसा.

आणि मग २०१६च्या वसंतात आमच्या वॉर्डात मॅटी आला.

नाव बदललंय, माणूस नाही. एकोणऐंशी वर्षांचा, सडाफटिंग, पश्चिमेकडे समुद्राकाठच्या एका गावात एकटा राहणारा. मांडीच्या हाडाला खुब्याजवळ फ्रॅक्चर झालेलं, आत रॉड घातलेला. मी फॉर्म घेऊन पलंगाशी बसले आणि विचारलं, “मॅटी, बरं झाल्यावर तुम्हाला सगळ्यांत आधी काय करायचंय?”

तो क्षणभरही न थांबता म्हणाला, “आय वॉन्ट टु किक युवर मॅन इन द आर्स.”

मी पेन खाली ठेवलं. युवर मॅन! माझा नवरा शिरीष तिकडे मेडिकल उपकरणांच्या कंपनीत निमूटपणे मीटिंगमध्ये बसलेला. त्याने या म्हाताऱ्याचं काय घोडं मारलं होतं? “तुम्ही शिरीषला कसे ओळखता?” मी विचारलं.

“शिरीष कोण?” मॅटीने विचारलं.

शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ हसून हसून ऑक्सिजनची नळी शोधायला लागले. मग नर्सने खुलासा केला की आयर्लंडमध्ये ‘युवर मॅन’ म्हणजे ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो इसम. त्याचा तुमच्याशी काडीचा संबंध नसतो. मॅटीचा इसम होता त्याचा धाकटा भाऊ पॅटसी, वय शहात्तर.

प्रकरण असं होतं. एका सकाळी मॅटी अंगावर फक्त लोकरीची लांब विजार घालून अंगणात पळालेल्या कोंबडीमागे धावला आणि पडला. शेजारच्याच घरात राहणारा पॅटसी आवाज ऐकून आला. भाऊ चिखलात, विजार घोट्यापर्यंत आणि कोंबडी भावाच्या पाठीवर, हे बघून पॅटसी आधी हसला. फाटकाला धरून पोटभर हसला आणि मग अँब्युलन्सला फोन केला. तोही हसत. तिकडच्या बाईने दोनदा विचारलं म्हणे, की ही थट्टा तर नाही ना? एवढ्यावर थांबला असता तरी मॅटीने माफ केलं असतं. पण पॅटसीने ते दुकानात सांगितलं, पोस्टात सांगितलं, रविवारी चर्चच्या दारात नक्कल करून दाखवलं.

“तर मला त्याला लाथ घालायचीय,” मॅटी म्हणाला. “लिही.”

मी लिहिलं.

आता बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. चालणं म्हणजे दुसरं तिसरं काही नसून एका पायावर उभं राहणं आहे. दर पावलाला आपण एक पाय उचलतो, आणि तेवढा क्षण सगळा देह दुसऱ्या पायावर तोललेला असतो. धडधाकट माणसाला हे कळतही नाही. खुबा मोडलेल्याला मात्र त्याच क्षणाची भीती वाटते. म्हणून तो पाय फरफटवतो, भिंती धरतो, आणि पुन्हा पडतो. मॅटीचा उजवा पाय मोडलेला होता. लाथ डाव्या, चांगल्या पायाने मारायची म्हटली, तर उभं राहायला हवं दुखऱ्या उजव्यावर. कशालाही न धरता. मी मनात हिशेब केला : उचल, नेम, लाथ आणि पाय परत जमिनीवर. घाईगर्दी न करता, दहा सेकंद.

फॉर्मवर खाली मी माझं वाक्य जोडलं : ‘उजव्या पायावर दहा सेकंद आधाराविना उभं राहून डावा पाय जोराने पुढे झटकणे.’ बुधवारच्या मीटिंगमध्ये ते वाचून दाखवल्यावर मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “हे फुटबॉलसाठी आहे का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “कौटुंबिक कारणासाठी.”

पण त्याच मीटिंगमध्ये दुसरंही बोलणं झालं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं. घर जुनं, दाराशी तीन पायऱ्या, कठडा नाही, माणूस एकटा. घरी पाठवला तर महिन्याभरात परत पडेल, असं बहुतेकांचं मत पडलं. केअर होममध्ये जागा बघावी. म्हणजे वृद्धाश्रमच, स्वच्छ, ऊबदार, खिडकीतून कारपार्क दिसणारा. सहा आठवड्यांनी निर्णय घ्यायचं ठरलं.

मॅटीला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, “कोंबड्या नेता येतात का तिथे?”

“नाही.”

“मग सुरू कर.”

आम्ही सुरू केलं. आधी समांतर दांड्यांमध्ये, दोन्ही हात धरून. मग एक हात. मग एक बोट. जिन्याचा व्यायाम करताना इथे एक मंत्र शिकवतात : चांगले स्वर्गात जातात, वाईट नरकात. म्हणजे चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा आधी खाली. मॅटी दर पायरीला दुखऱ्या पायाला “नरकात जा, पॅटसी” म्हणायचा. पॅटसी दर रविवारी भेटायला यायचा आणि मॅटी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा. पॅटसी तासभर बसून, द्राक्षं स्वतःच संपवून जायचा.

एके दिवशी मॅटी दांड्यांना धरून दम खात असताना म्हणाला, “बाकी सगळ्यांना विचारत फिरतेस. तुझं स्वतःचं काय आहे त्या चौकोनात?”

मला धक्काच बसला. हजारभर लोकांना मी तो प्रश्न विचारला असेल. मला कुणी विचारला नव्हता. ‘मुलगी शिकावी, घर व्हावं’ असलं काहीतरी सांगणार होते, तर तोंडातून निघालं, “मला गाडी चालवायचीय.”

ही माझी दुखरी जागा. भारतातलं लायसन्स इथे वर्षभर चाललं, ते वर्ष मी पावसात चालत काढलं. मग रीतसर शिकाऊ झाले, गाडीवर लाल एल चिकटवला आणि टेस्टला नापास झाले. वेगाने चालवली म्हणून नव्हे. इथल्या टेस्टच्या कागदावर एक रकाना असतो : ‘प्रगती’. पुढे जायची संधी असताना जो जात नाही, त्याला त्या रकान्यात चुकीच्या खुणा मिळतात. गॉलवेत पावलोपावली राउंडअबाउट; प्रत्येकापाशी मी थांबले. उजवीकडून येणारी गाडी पार पुढच्या चर्चपाशी असली तरी थांबले. परीक्षक शेवटी नम्रपणे म्हणाले होते, “ती गाडी उभी केलेली आहे, मॅडम.”

पुण्यात मी ऐन संध्याकाळी स्वारगेटच्या चौकातून स्कूटर काढणारी बाई! मला काय झालं होतं? आता कळतं. परक्या देशात आपली चूक आपल्या एकटीची राहत नाही, असं उगाच वाटतं. आपण चुकलो तर आपल्यासारखे सगळेच चुकले, असं कुणीतरी म्हणेल. म्हणून मी रस्त्यावर, दुकानात, मीटिंगमध्ये, सगळीकडे दुसऱ्याला आधी जाऊ देत होते.

मॅटीने पूर्ण ऐकून घेतलं. “म्हणजे तू माझ्या प्रगतीचे कागद भरतेस आणि तुझ्याच कागदावर प्रगती नापास?”

“हो.”

पुढच्या खेपेसाठी डावा पाय उचलता उचलता तो असा खदाखदा हसला की दोन्ही हात दांड्यांवरून सुटले. मी घड्याळ पाहिलं. चार सेकंद! उजव्या पायावर, आधाराविना. त्या दिवशीच्या नोंदीत मी लिहिलं : ‘रुग्ण थेरपिस्टला हसताना चार सेकंद उभा राहिला.’

मग आमची पैजच लागली. त्याने दहा सेकंद गाठायचे, मी टेस्ट. दुसऱ्या टेस्टला मी पुन्हा नापास झाले. घरी आले तेव्हा सासूबाई सोफ्यावर हीटरला पाय लावून बसल्या होत्या. त्या अकोल्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि आयर्लंडबद्दल त्यांचं मत “इथं आभाय धुवाले टाकलं हाय” एवढंच होतं. त्या म्हणाल्या, “कायले पाह्यजे व तुले गाडी? पाय हायेत ना चांगले!” दहा वर्षांची माझी ईरा, जिला मराठी सगळं समजतं पण तोंडातून गॉलवेचं इंग्रजीच येतं, म्हणाली, “आजी, शी’ज ग्रँड. शी जस्ट स्टॉप्स अ लॉट.” इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, ‘ठीक आहे, छान आहे’ एवढंच.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सासूबाईंचं ‘पाय हायेत ना चांगले’ डोक्यात घोळत असताना, मला एकदम एक तबलजी आठवले. पुण्यातले माझे पेशंट. गुडघा बदललेला. मी त्यांना तीन महिन्यांत टकाटक चालवलं होतं, पेढे खाल्ले होते, आणि जाताना ठणकावून सांगितलं होतं, “आता मांडी घालायची नाही हं!” ते बरं म्हणाले. वर्षभराने रस्त्यात भेटले. छान चालत होते. तबला एका शाळेला देऊन टाकला होता. “मांडीच घालायची नाही, तर काय,” म्हणाले. उंच बैठक करता आली असती, स्टुलावर तबला ठेवता आला असता, काहीतरी नक्की निघालं असतं. पण त्यांना काय हवंय हे मी विचारलंच नव्हतं. माझ्या वहीत मात्र ते शंभर टक्के यशस्वी. आजही ती नोंद आठवली की मला शरम वाटते.

त्या दुपारी मी मॅटीला वीस मिनिटं जास्त दिली.

सहाव्या आठवड्यात घर पाहायचा दिवस आला. मी, मॅटी आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट शिनेड. शिनेडचं काम असतं माणसाला घरात आंघोळ, चहा, कपडे जमतात का ते बघायचं. ती मनाने लोण्यासारखी आणि फॉर्म भरताना दगडासारखी. तिच्या गाडीतून आम्ही गेलो. समुद्र डावीकडे, दगडी कुंपणं उजवीकडे, आणि मॅटी मागच्या सीटवर लग्नाला निघाल्यासारखा कोट घालून.

घराच्या दारापाशी पॅटसी उभा होता. आणि दाराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी नवाकोरा लाकडी कठडा होता. न्हाणीघरात दोन दांड्या. चुलीपाशी हाताच्या उंचीवर फळी. सहा आठवडे पॅटसी रोज सकाळी येऊन ते करत होता. कोंबड्यांना खायला घालून, मग रंधा मारत. दर रविवारी द्राक्षं खाता खाता हे सांगायला त्याने तोंड उघडलं असेलही, पण ऐकणारा भिंतीकडे तोंड करून झोपलेला.

मॅटीने कठड्यावरून हात फिरवला. तिन्ही पायऱ्या चढला, चांगला स्वर्गात. चहा केला. उतरला. शिनेड एकेक खूण करत होती, पण पेन शेवटच्या ओळीवर अडलं. “आधार नसताना तोल गेला तर? अंगणात कठडा नाही.”

मी म्हटलं, “ध्येयाची चाचणी अजून राहिलीय.”

अंगणाच्या मधोमध आम्ही उभे राहिलो. मी मॅटीच्या मागे, कमरेच्या पट्ट्यापासून हात चार बोटं दूर. पॅटसी समोर आला. “पायऱ्यांचं काम बरं झालंय,” मॅटी म्हणाला.

“डावीकडचा खांब जरा तिरका आहे,” पॅटसी म्हणाला.

“दिसला मला.”

मग पॅटसीने टोपी काढली, पाठ केली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि म्हणाला, “गो ऑन, सो.”

मॅटीने काठी माझ्या हातात दिली. उजव्या पायावर वजन घेतलं, डावा उचलला. शिनेड घड्याळ बघून मोठ्याने मोजायला लागली. एक, दोन, तीन. पाच. सातला तो थोडा हलला, माझे हात पुढे गेले, “हात लावू नकोस!” तो ओरडला. नऊ. दहा. तरी पाय वरच. अकराव्या सेकंदाला त्याने पॅटसीच्या बुडावर बुटाचं टोक असं अलगद टेकवलं, जसं आपण दूध तापलंय का ते बोट लावून बघतो.

“एवढंच?” पॅटसी वाकूनच म्हणाला.

“एवढंच.”

पॅटसी सरळ झाला तेव्हा त्याचे डोळे ओले होते, पण मॅटी हसत सुटला होता, मग तोही सुटला, मग शिनेड. मी मॅटीच्या पट्ट्याला घट्ट धरून हसत होते, कारण आता पडायचा धोका खराच होता. शिनेडने फॉर्म माझ्या पाठीवर ठेवून शेवटची खूण केली. पुढच्या सोमवारी मॅटी घरी गेला.

माझी तिसरी टेस्ट ऑगस्टमध्ये होती. पहिल्याच राउंडअबाउटला उजवीकडून पांढरी व्हॅन येत होती, चांगली लांब. माझा पाय सवयीने ब्रेककडे गेला. आणि मी स्वतःलाच, स्वच्छ मराठीत, परीक्षकांच्या देखत म्हटलं, “जा की गं बाई!” गेले. पुढचाही पार केला, त्याच्या पुढचाही. परीक्षक शेवटी म्हणाले, “थोडा वेग सांभाळा,” आणि ते ऐकून मला इतका आनंद झाला की त्यांना ‘थँक यू’ तीनदा म्हटलं. पास!

नियमाप्रमाणे जुन्या रुग्णाच्या घरी पाहुणी म्हणून जायचं नसतं. तो नियम मी त्या शनिवारी थोडा वाकवला. सासूबाई शेजारच्या सीटवर देवाचं नाव घेत बसल्या होत्या. मॅटी अंगणातच होता, काठी फाटकाला अडकवलेली. बातमी ऐकून त्याने माझा हात पंपासारखा हलवला. तोवर सासूबाई थेट कोंबड्यांत शिरल्या होत्या. एका तांबड्या कोंबडीला उचलून, पोटाखाली हात घालून त्यांनी मॅटीला बजावलं, “हे खुडूक झाली हाय. हिले अंड्यावर बसव.” मॅटी काय समजला कोण जाणे, पण त्याने मान डोलावली आणि खोपट्याकडे बोट केलं, तिथून पुढे अर्धा तास दोघं आपापल्या भाषेत बोलत होते आणि कुणालाच माझी गरज पडली नाही.

परतताना समुद्राकाठच्या रस्त्यावर सासूबाई एकदम म्हणाल्या, “थांबव.”

मला वाटलं, गाडी लागली. पण त्या काचेतून बाहेर बघत होत्या. खाली पाण्यातून पाच-सहा बायका बाहेर येत होत्या. पोहायचे कपडे, डोक्याला लोकरीच्या टोप्या, सत्तरीच्या पुढच्या, लाल टोमॅटोसारख्या झालेल्या आणि खिदळत.

“ह्या बाया माह्याच वयाच्या असतीन.”

“हो, असतील.”

“मले जाचं हाय.”

“आई, पाणी बर्फासारखं असतं. तुमचे गुडघे…” आणि मी जीभ चावली. पंधरा वर्षं पुण्यात हेच तर केलं होतं. मी विचारलं, “कुठपर्यंत जायचंय?”

त्यांनी जरा विचार केला. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच कुणी विचारलं असावं. “गयापर्यंत,” गळ्याला हात लावून म्हणाल्या.

स्वेटर, मोजे, चपला दगडावर ठेवून त्यांनी नऊवारी खोचली आणि निघाल्या. त्या बायकांपैकी दोघी काही न विचारता परत फिरल्या आणि दोन्ही बाजूंनी त्यांचे हात धरले. घोटे. गुडघे. पाणी कमरेला लागलं तेव्हा अकोल्यापर्यंत ऐकू जाईल अशी आरोळी आली, “व माय! व माय वं!”

काठावर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या एकीने काळजीने विचारलं, “बऱ्या आहेत ना त्या?”

“ग्रँड आहेत,” मी म्हटलं.

खांदे बुडाले. गळा आला. पांढरा अंबाडा तेवढा पाण्यावर, आणि त्याखाली हसणारं तोंड. त्या माझ्याकडे वळून ओरडल्या, “उभी काऊन राह्यली व तिथं? ये ना!”

बूट काढायला मी थांबले नाही.